कानाने शिकताना: घरी शिकणाऱ्या मुलांसाठी पॉडकास्ट कसे निवडावेत

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरवलेल्या पालकांपुढे एक प्रश्न लवकरच उभा राहतो: सगळे विषय आपणच कसे शिकवणार? पुढे मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची परीक्षा देतात किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या दहावीला बसतात. पण तिथवर पोहोचेपर्यंतचे वेळापत्रक आणि साधने पालकांनाच ठरवावी लागतात. अशा घरात पॉडकास्ट चटकन रुळतात. ते बहुतेक फुकट असतात, त्यांना पडदा लागत नाही, आणि आपल्याला ज्या विषयात गती नाही त्या विषयाचा जाणकार त्यांच्यामुळे घरी बोलू लागतो. अडचण येते ती निवडीत. पॉडकास्टच्या ॲपमध्ये मुलांच्या शिक्षणाचा वेगळा विभाग असतो, पण आपला कार्यक्रम त्या विभागात घालायचा की नाही, हे कार्यक्रम करणाराच ठरवतो. एखादा भाग मुलांनी ऐकण्याजोगा नाही, ही खूणही सहसा तोच लावतो. म्हणजे ‘शैक्षणिक’ हा शिक्का कोणी तपासून मारलेला नसतो. ती तपासणी आपल्यालाच करावी लागते. माझे म्हणणे असे की ती करताना कार्यक्रमात माहिती किती ठासून भरली आहे, हे बघू नये. तो ऐकून झाल्यावर मुलाला स्वतःच्या शब्दांत काय सांगता येते आणि काय विचारावेसे वाटते, हे बघावे. पॉडकास्ट निवडण्याची ही कसोटी सर्वांत भरवशाची आहे.

आधी एक शंका दूर केली पाहिजे. ऐकून शिकणे म्हणजे वाचण्याचा कंटाळा असलेल्यांची पळवाट, असे अनेकांना वाटते. संशोधन वेगळे सांगते. १९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी वाचनाविषयी एक साधी मांडणी केली. वाचून अर्थ कळणे हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: अक्षरे उलगडता येणे आणि ऐकलेली भाषा समजणे. गुणाकारातला एक आकडा शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. म्हणून ज्याची ऐकण्याची समज वाढते, त्याच्या पुढच्या वाचनाचाही पाया पक्का होतो. त्याआधी, १९८४ मध्ये, थॉमस स्टिच्ट आणि जेम्स जेम्स यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. मुलांची ऐकून समजण्याची क्षमता वाचून समजण्याच्या क्षमतेच्या बरीच वर्षे पुढे असते आणि साधारण सातवी-आठवीच्या सुमारास दोन्ही बरोबरीला येतात, असे त्यांना दिसले. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला जो विषय वाचून झेपणार नाही, तो ऐकून झेपू शकतो. अक्षरओळख सावकाश होणाऱ्या मुलांना तर याचा फारच आधार वाटतो. वाचन अडले म्हणून त्यांचे विचार करणे अडून राहत नाही.

पण कानाने शिकण्याची एक उणी बाजूही आहे. पुस्तक वाचताना लक्ष उडाले की डोळे थांबतात, मागची ओळ पुन्हा वाचता येते. निवेदकाचा आवाज मात्र आपल्यासाठी थांबत नाही. २०१० मध्ये डेव्हिड डॅनिएल आणि विल्यम वुडी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाला मानसशास्त्राचा लेख वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला तोच मजकूर पॉडकास्ट म्हणून ऐकवला. चाचणीत ऐकणाऱ्यांना बरेच कमी गुण मिळाले. २०१३ मधल्या एका प्रयोगात मोठ्याने वाचणे, मनात वाचणे आणि नुसते ऐकणे यांची तुलना झाली, तेव्हा मन सर्वाधिक भरकटले ते नुसते ऐकताना. याउलट २०१६ मध्ये बेथ रोगाउस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांना एका सत्यकथेचे काही भाग दिले. कोणी ते वाचले, कोणी ऐकले, आणि दोन्ही गटांच्या आकलनात लक्षणीय फरक पडला नाही. हे निष्कर्ष एकमेकांना छेद देणारे वाटतात, पण मजकुरातला फरक पाहिला तर त्यांचा मेळ बसतो. जिथे घटनेतून घटना निघते आणि माणसे काही करू पाहतात, तिथे ऐकणाऱ्याला धरायला एक धागा असतो. संकल्पनांची दाट मांडणी असलेला लेख ऐकताना असा धागा सापडत नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगातल्या निरूपणाला उत्तररंगात आख्यानाची जोड मिळते, त्यामागे हीच जाण आहे.

यातून निवडीचा पहिला नियम हाती येतो: विषय कानाने पेलणारा आहे का ते पाहावे. इतिहास, चरित्रे, प्रवास, प्राणिजीवन, शोध कसे लागले त्यांच्या हकिगती, संगीत आणि भाषा हे विषय पॉडकास्टमधून उत्तम पोहोचतात. भूमिती, रासायनिक समीकरणे, व्याकरणाचे तक्ते हे विषय नुसते ऐकून शिकवू पाहणारा कार्यक्रम कितीही नावाजलेला असला तरी बाजूला ठेवावा. भूगोलाचा कार्यक्रम लावायचा तर समोर नकाशा उघडलेला हवा. त्यानंतर धागा तपासावा. त्यासाठी पूर्ण मालिका ऐकायची गरज नसते. कोणत्याही एका भागाची पहिली दहा मिनिटे स्वतः ऐकावी, ॲप बंद करावे आणि काय कळले ते चार-पाच वाक्यांत सांगून पाहावे. प्रौढ माणसालाच ती वाक्ये जुळवता येत नसतील, विनोद आणि चमत्कारिक आवाज तेवढे आठवत असतील, तर नऊ वर्षांच्या मुलाच्या हातीही तेवढेच लागेल. मुलांच्या कार्यक्रमात गंमत असायलाच हवी. ती विषयाकडे नेते की विषयापासून दूर नेते, एवढे पाहायचे.

घरी शिकणाऱ्या मुलांसाठी ही कसोटी अधिकच महत्त्वाची आहे. शाळेत पॉडकास्ट ऐकवला तरी पुढे प्रश्नोत्तरे होतात, चाचणी होते, शेजारच्या मुलाशी बोलणे होते. घरी यातले काहीच आपोआप घडत नाही, आणि मूल शांतपणे ऐकत बसले म्हणजे शिकले, असा समज सहज होतो. हा समज मुलाचाही होतो. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तोच पुन्हा वाचला आणि काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. आठवड्याने तपासले तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवत होता आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. याच अभ्यासाच्या दुसऱ्या प्रयोगात, आपल्या लक्षात चांगले राहील अशी खात्री अधिक वाटत होती ती नुसते वाचत राहिलेल्यांना. हे प्रयोग मोठ्या विद्यार्थ्यांवरचे आणि वाचनाचे असले तरी आठवून सांगण्याचा हा फायदा शालेय वयाच्या मुलांतही पुढे दिसून आला आहे. इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी तर घरच्या शिक्षणाची सगळी पद्धत यावरच उभी केली होती: मुलाला एकदाच वाचून दाखवायचे आणि त्याने ते आपल्या शब्दांत सांगायचे. आजही घरी शिकवणारी अनेक कुटुंबे ही पद्धत वापरतात. पॉडकास्टला ती जशीच्या तशी लागू पडते.

मुलाने सांगितलेले कसे ऐकावे, यालाही महत्त्व आहे. आकडे आणि नावे चुकली तर लगेच टोकू नये. ‘आधी काय झाले?’, ‘मग त्यांना असे का वाटले?’, ‘हे त्यांना कळले कसे?’ असे दोन-तीन प्रश्न पुरतात. यातला तिसरा प्रश्न आपल्याला निवडीच्या दुसऱ्या नियमाकडे नेतो: कार्यक्रम नुसते निष्कर्ष सांगतो, की ते कसे काढले हेही सांगतो? शनी ग्रहाचे उदाहरण घेऊ. २०१९ च्या अखेरीस निघालेल्या एखाद्या भागात शनीला ८२ उपग्रह असल्याचे सांगितले असेल, तर ते त्या वेळी बरोबर होते. पुढे त्यांत भर पडत गेली; मार्च २०२५ मध्ये एकदम आणखी १२८ उपग्रहांना मान्यता मिळाली आणि ही संख्या २७४ झाली. ज्या कार्यक्रमाने नुसता आकडा दिला, तो कालबाह्य झाला. मोठ्या दुर्बिणींतून एकाच भागाची छायाचित्रे पुन्हा पुन्हा घेऊन अंधूक ठिपक्यांचा माग कसा काढतात, हे ज्याने समजावले, तो आजही ऐकण्याजोगा आहे. फक्त नवा आकडा आपण सांगायचा. म्हणून भाग लावण्याआधी त्याची तारीख पाहावी, आणि ‘आम्हाला अजून माहीत नाही’ असे मोकळेपणाने म्हणणारा निवेदक असेल तर त्याला अधिक मान द्यावा. ‘टम्बल’ या अमेरिकी विज्ञान-पॉडकास्टचा भर शास्त्रज्ञ शोधापर्यंत कसे पोहोचतात यावर असतो, तो यासाठीच मोलाचा. व्हरमाँटच्या सार्वजनिक रेडिओवरून २०१६ पासून चालणाऱ्या ‘बट व्हाय’मध्ये मुलांनी स्वतःच्या आवाजात पाठवलेले प्रश्न घेऊन निवेदिका त्या त्या विषयाच्या जाणकारांकडे जाते. प्रश्न कोणाला विचारायचा असतो आणि उत्तर कसे मिळवायचे असते, हे त्यातून मुलाला दिसते.

तिसरा नियम असा की कार्यक्रमाने ऐकणाऱ्याला बोलायला जागा ठेवावी. रेडिओवरून शिकवणाऱ्यांना याचे महत्त्व फार पूर्वी कळले होते. १९७० च्या दशकात निकाराग्वामध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने प्राथमिक गणिताचे रेडिओ-पाठ तयार झाले. त्यात निवेदक प्रश्न विचारून थांबायचा, वर्गातली मुले मोठ्याने उत्तर द्यायची, मग रेडिओवरून बरोबर उत्तर यायचे. असे पाठ मिळालेल्या वर्गांची गणितातली प्रगती इतर वर्गांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने ‘वुई लर्न इंग्लिश’ हा आकाशवाणीवरचा कार्यक्रम मराठी शाळांतल्या मुलांसाठी याच पद्धतीने रचला. आजच्या पॉडकास्टमध्ये ‘ब्रेन्स ऑन’ या अमेरिकी विज्ञान कार्यक्रमात एक मूलच सहनिवेदक असते, आणि प्रत्येक भागात एक अनोळखी आवाज ऐकवून तो कशाचा असेल याचा अंदाज करायला सांगतात. तिथे पालकाने थांबवण्याचे बटण दाबावे आणि घरातल्या सगळ्यांनी अंदाज सांगावेत. ज्या कार्यक्रमात अशी जागाच नाही, तिथे ती आपण करायची: मध्यावर थांबवायचे आणि ‘पुढे काय होईल?’ असे विचारायचे. एखादा कार्यक्रम इतक्या वेगाने धावत असेल की कुठे थांबवावे तेच कळू नये, तर तो शिकण्यासाठी निवडू नये.

आता भाषेचा मुद्दा. मुलांसाठी विचारपूर्वक केलेले पॉडकास्ट इंग्रजीत भरपूर आहेत, मराठीत त्या मानाने फार कमी. त्यामुळे ‘मराठीचा आग्रह धरला तर मुलाचे नुकसान होईल’, असा आक्षेप घेतला जातो. मराठीतच ऐका, असे मी म्हणत नाही. इंग्रजी जरूर ऐकावे, पण ऐकलेले मराठीत सांगायला लावावे. एका भाषेत ऐकून दुसरीत सांगायचे तर वाक्ये नुसती घोकून चालत नाही. अर्थ समजून घ्यावाच लागतो. शिवाय नव्या इंग्रजी शब्दांसाठी मराठी शब्द शोधताना मुलाचा दोन्ही भाषांतला शब्दसंग्रह वाढतो. ज्या मुलाला इंग्रजी अजून पुरते झेपत नाही, त्याच्यासाठी एकच छोटा भाग आधी मराठीत थोडक्यात सांगून मग ऐकवावा. ॲपमध्ये वेग थोडा कमी करता येतो, त्याचाही उपयोग होतो. एक पथ्य मात्र पाळावे. इंग्रजी कानावर पडावे एवढाच हेतू असेल, तर तो भाग विज्ञानाच्या किंवा इतिहासाच्या अभ्यासात धरू नये.

परदेशी कार्यक्रमांतून परदेशी निसर्ग आणि परदेशी गृहीतकेही येतात. अमेरिकी भागात शरद ऋतूत पाने रंग बदलून गळतात, तापमान फॅरनहाइटमध्ये सांगतात, अंतर मैलांत. म्हणून हे कार्यक्रम टाळावेत असे नाही. उलट त्यातून अभ्यासाची चांगली संधी मिळते. थंड प्रदेशात झाडे हिवाळ्याच्या तोंडावर पाने गाळतात, हे ऐकल्यावर मुलाला विचारावे: आपल्याकडचा पळस आणि सावर निष्पर्ण कधी होतात? सह्याद्रीतली पानझडी झाडे पावसाळा संपून जमिनीतला ओलावा आटू लागला की पाने गाळू लागतात, आणि पळस फुलतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, निष्पर्ण असताना. म्हणजे तिकडे थंडी, इकडे पाण्याची टंचाई. हा फरक मुलाने बाहेर जाऊन पाहिला आणि वहीत नोंदला, तर वीस मिनिटांच्या परदेशी कार्यक्रमातून आपल्या मातीतला धडा तयार झाला. कार्यक्रम निवडताना म्हणूनच पाहावे की त्यातला प्रश्न आपल्या अंगणात, बाजारात किंवा गावाच्या इतिहासात पुढे नेता येईल का.

मराठीतली उणीव भरून काढण्याचे मार्गही आहेत. बीबीसी मराठीचे ‘सोपी गोष्ट’ आणि ‘गोष्ट दुनियेची’ हे कार्यक्रम मोठ्यांसाठी असले तरी तेरा-चौदा वर्षांच्या पुढच्या मुलांना चालू घडामोडींसाठी उपयोगी पडतात. युद्ध आणि हिंसेचे विषय त्यात येतात, म्हणून भाग पालकांनी आधी ऐकावा. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञानाची आणि मुलांची मराठी पुस्तके मोफत आहेत. यातला एखादा लेख आजीने किंवा आजोबांनी वाचावा, तो फोनवर घरापुरता ध्वनिमुद्रित करावा, आणि दुपारी मुलाने ऐकावा. पुढे मुलानेच एखादा विषय निवडून पाच मिनिटांचा भाग तयार करावा. स्वतःचे बोलणे ऐकताना कुठे धागा तुटला, कुठे नुसती माहिती ओतली गेली, हे मुलाला आपसूक कळते, आणि इतरांचे कार्यक्रम पारखण्याची नजरही येते. शंका आली की मराठी विश्वकोश आहेच; त्याच्या नोंदी ऑनलाइन वाचता येतात.

वयानुसार काही व्यावहारिक बाबी थोडक्यात. सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी दहा-बारा मिनिटे पुरे. भाग मोठा असेल तर तो दोन दिवसांत वाटावा. नऊ ते बारा या वयात वीस-पंचवीस मिनिटे सहज पेलतात. पंधराच्या पुढच्या, इंग्रजी चांगले असलेल्या मुलांसाठी बीबीसी रेडिओ फोरवर १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘इन अवर टाइम’चा हजाराहून अधिक भागांचा संग्रह मोठा ठेवा आहे. त्यात तीन अभ्यासक एका विषयावर बोलतात, क्वचित एकमेकांना खोडूनही काढतात, आणि जाणकारांत मतभेद कसे असतात ते कळते. बऱ्याच कार्यक्रमांत निवेदकच जाहिरात वाचतो. लहान मुलाला ती धड्याचाच भाग वाटते, म्हणून ‘हे आता कोणीतरी पैसे देऊन सांगायला लावले आहे’ असे स्पष्ट सांगावे आणि जाहिरातींचा मारा असलेले कार्यक्रम वगळावेत. कानांचीही काळजी घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात मुलांसाठी आठवड्याला ४० तास, ७५ डेसिबल ही मर्यादा आहे. इअरफोनऐवजी छोटा स्पीकर लावला तर आवाज बेताचा ठेवता येतो आणि घरातले सगळे एकत्र ऐकू शकतात. एकत्र ऐकले की बोलणे आपोआप सुरू होते.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे. प्रत्येक भाग ऐकून झाला की सांगायला लावले, तर ऐकण्यातला आनंदच जाणार नाही का? घरी शिकवण्याचा निर्णय ज्यांनी परीक्षेच्या ओझ्यातून मुलाला सोडवण्यासाठी घेतला, त्यांना ही भीती वाटणे रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे ऐकण्याचे दोन भाग करावेत. चित्र काढताना, ठोकळे जोडताना, प्रवासात मुलाने हवे ते ऐकावे. त्याबद्दल काही विचारू नये, आणि ते अभ्यास म्हणून मोजूही नये. अभ्यासाचे ऐकणे मात्र वेगळे, आठवड्यातून दोन-तीनदा, ठरलेल्या वेळी, हातात दुसरे काम न घेता. या वेगळ्या ऐकण्यानंतरचे सांगणे ही परीक्षा नाही, कारण तिथे गुण नाहीत आणि चूक पकडण्याचा हेतू नाही. आपण ऐकलेले कोणीतरी मन लावून ऐकून घेते आहे, हा अनुभव मुलांना हवा असतो. आणखी एक आक्षेप वेळेचा: दोघेही नोकरी-व्यवसाय करणाऱ्या घरात हे कोण करणार? म्हणूनच थोडे निवडावे. दहा मालिका सबस्क्राइब करून ठेवण्यापेक्षा दोनच निवडल्या, प्रत्येकीचे दोन-तीन भाग आधी तपासले, आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी मुलाचे सांगणे ऐकले, तर रोजचा वेगळा वेळ फारसा लागत नाही. ‘मोबाइलवर व्हिडिओ पाहण्यापेक्षा हे बरे’ हे समर्थनही पुरेसे नाही. वाईटापेक्षा बरे एवढ्यावर मुलाचे शिक्षण सोपवता येत नाही.

सुरुवात करताना एक विज्ञानाचा आणि एक इतिहासाचा किंवा गोष्टींचा, असे दोनच कार्यक्रम महिनाभरासाठी घ्यावेत. एका वहीत तारीख, भागाचे नाव, मुलाने सांगितलेल्या गोष्टीतली दोन वाक्ये आणि त्याने विचारलेला एक प्रश्न एवढेच लिहावे. महिन्याअखेरीस ती वही मुलासोबत वाचावी. ज्या कार्यक्रमाच्या नोंदींत प्रश्न वाढत गेले, ज्यासाठी पुस्तक उघडले गेले किंवा कोणाला तरी भेटायला जावे लागले, तो ठेवावा. ज्याच्या नोंदी ‘छान होते’ एवढ्यावरच थांबल्या, तो कितीही लोकप्रिय असला तरी बदलावा. आणि हा निर्णय मुलाला बरोबर घेऊन करावा, कारण आज आपण त्याच्यासाठी जी पारख करतो, ती पुढे त्याला एकट्याने करायची आहे. ऐकलेल्या शंभर गोष्टींतली कोणती जवळ ठेवावी आणि कोणती सोडून द्यावी, हे ज्या मुलाला घरी शिकताना उमगले, त्याला पुढे कोणत्याही आवाजाच्या मागे डोळे मिटून जावे लागणार नाही.